काकूंच्या घरातली लाईट

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मी पॅकिंगला लागले, तेव्हा खोली मिळत नव्हती. झरी जामणीकडची, सातवीत शाळा सुटलेली, एकटी पोरगी म्हटलं की लोक दार अर्धंच उघडायचे. काकूंनी पूर्ण उघडलं. काका कचेरीतून रिटायर होऊन वारलेले, मुलगा पुण्याला. भाड्याचं बोलायच्या आधी त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. तेव्हापासून रविवारी त्यांच्या डोक्याला तेल मी लावते.

गेल्या हिवाळ्यात फणी लावली की त्या डोकं बाजूला घ्यायला लागल्या. "हळू वं पोरी, केस विंचरते की वखर फिरवते?" कानशिलाला तर हातच लावू देईनात. मग भाकर सुटली. चार घास चावले की जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, म्हणायच्या. कवळी नवीन होती, म्हणून मुलाने फोनवर ती घासून घ्यायला सांगितलं. घासून आणली. काकू तरी वरणात भात कालवूनच जेवत राहिल्या.

एका संध्याकाळी मी मागे भांडी घासत होते. आतून आवाज आला, "लाईट गेली का?"

मी आत येईपर्यंत त्यांना नीट दिसत होतं. "व्होल्टेज पडलं होतं वाटते," म्हणाल्या. आमच्याकडे ते रोजच पडतं. पुन्हा तसंच झालं तेव्हा त्यांनी वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, लाईन एकदम बरोबर हाय. चष्मा तपासा."

"तुह्या साहेबाचा तपास आधी. त्याले माह्यं बिल दुप्पट दिसते."

आम्ही तिघंही हसलो.

दोन-चार दिवसांनी सकाळी उठल्या तर उजव्या डोळ्याने काहीच दिसेना. मी ऑटोत घालून यवतमाळला नेलं. डॉक्टर बाईंनी डोळा तपासला आणि विचारलं, "चावताना जबडा दुखतो का? केस विंचरताना त्रास होतो?" काकूंनी माझ्याकडे मान वळवली, जणू मीच आधी सांगून ठेवलं होतं. बाईंनी कानशिलावर बोट ठेवलं. नस दोरीसारखी टणक लागत होती. म्हणाल्या, रक्तवाहिन्यांना सूज आहे, त्यामुळे डोळ्याला रक्त पोचत नाही. "रिपोर्टसाठी थांबायचं नाही. इंजेक्शन आत्ताच सुरू करू. गेलेली नजर बहुतेक परत येणार नाही. दुसरा डोळा वाचवायचा आहे."

मुलगा पुण्याहून निघाला होता. तो पोचेपर्यंत मी तिथे होते, रुमालात गुंडाळलेली कवळी धरून. तेवढंच काम माझ्याकडे होतं.

डावा डोळा आजवर टिकलाय. त्या बाईंचे उपकार कसे फेडायचे, मला कळत नाही. गोळ्या सुरूच आहेत, हळूहळू कमी करायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. घरून आई फोन करते, "कधी येतं वं?" मी येते म्हणते आणि जात नाही. इथे राहून माझ्याने काही होणार आहे असं नाही. पण त्या डोळ्याला काही झालंच तर माझ्या डोळ्यांदेखत होईल, एवढंच.

संध्याकाळी लाईट जाते तेव्हा काकू आता काही विचारत नाहीत. नुसत्या बसल्या जागी थांबतात. हातातलं टाकून मी जिथे असेन तिथून ओरडते, "गेली काकू, खरंच गेली. मलेही दिसून नाही राह्यलं."

अंधारातून त्या म्हणतात, "बरं झालं."