बल्ब निसारभाईंनी निवडला नव्हता

महिन्यापूर्वी निसारभाईंच्या मुलीचा, रेश्माचा फोन आला. "ताई, अब्बा गेले... चहा पिता पिता." मी बिडकीनच्या स्टँडवर उभी होते. मला रडू आलं नाही. आधी हायसं वाटलं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. दहा वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट मी त्या फोनच्या तीन आठवडे आधीच बोलून टाकली होती. ती न सांगताच ते गेले असते, तर माझी मला सुटका नव्हती.

निसारभाई शहागंजमधले वायरमन. आमची बचतगटांची संस्था पैठण तालुक्यात एलईडी बल्बांचा प्रचार करायची, तेव्हा ते सोबत फिरत. माझ्या भाषणाने कुणी बल्ब बदलला नसता. ते मात्र एका फळीवर चकतीचे दोन जुने मीटर लावून आणत. एकाला जुना बल्ब, दुसऱ्याला नवा. "बघा मावशी, ही चकती कशी पळतीय, कुत्रं मागं लागल्यागत. अन् ही बघा, नव्या नवरीसारखी चाललीय." बाया हसायच्या आणि घरचे बल्ब काढून आणायच्या.

फसलो ते पैठणला, विणकरांच्या गल्लीत. उजेड पिवळसर हवा की पांढरा, हे आधी मागावर बसणाऱ्यांना विचारू, असं निसारभाईंचं म्हणणं. मला कामाची घाई होती. मी परस्पर पांढरेच मागवले आणि 'दुकानदाराने हेच पाठवले' असं त्यांना ठोकून दिलं. शकुंतलाबाईंचा माग आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत होता. त्या उजेडात वांगी रंगाच्या दोन छटा त्यांना सारख्याच दिसल्या. अडीच महिन्यांनी पैठणी मागावरून उतरवून अंगणात धरली, तर मधोमध हातभर पट्टा वेगळाच! "माझे डोळे फुटले व्हते, का तुमचे?" त्या कडाडल्या. निसारभाई म्हणाले, "चूक माझी, बाई. बल्ब मी निवडला." मी शेजारीच उभी होते... तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून ती गल्ली त्यांना बंद झाली. पुढे कुठेही ते बल्ब लावण्याआधी माणसाला त्याखाली बसवत. शिंप्याला दोरा ओवायला लावत, बाईला तांदूळ निवडायला लावत, आणि मगच पक्का करत.

यंदा त्यांचं हृदय थकलं, डॉक्टरांनी हात टेकले. मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते हसलेच. "मालूम था ना, ताई. मागणीच्या कागदावर तुमचीच सही होती की."

"मग बोलला का नाहीत?"

"वायरमनला लोक शिव्या घालतातच. तुम्हाला घातल्या असत्या तर कामच बंद पडलं असतं." मग म्हणाले, "पण मला कशाला सांगता? बाईंना सांगा."

दुसऱ्याच दिवशी एसटीने पैठण गाठलं. शकुंतलाबाईंनी हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं. "लई उशीर केला, बाई," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याच फोनवरून त्यांना फोन लावायला सांगितला. "ओ निसारभाई, रुसून बसलात व्हय? मागावरचा बल्ब गेलाय. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाय मी!"

चार दिवसांनी ते रेश्माला घेऊन पैठणला गेले. रेश्मा 'स्टुलावर चढू नका' म्हणून ओरडत होती, तरी चढले. आधी बाईंना तीन बल्बांखाली रेशमाच्या लडी धरायला लावल्या. बाईंनी निवडला तोच बसवला. नंतर पोटभर जेवले. हे मला नंतर रेश्मा आणि बाई, दोघींनीही आपापलं सांगितलं, आणि दोघीही सांगताना हसत होत्या.

परवा मी शकुंतलाबाईंकडे गेले. बल्बच्या गळ्यावर निसारभाईंनी बसवल्याची तारीख आणि स्वतःचं नाव पेनाने लिहिलं होतं. बिघडला तर कुणाला धरायचं ते कळावं, म्हणून ते सगळीकडेच लिहीत. बल्बवर रेशमाचं तूस बसून उजेड मंद झाला होता. "पुसत का नाही?" मी विचारलं. "अक्षर जाईल ना," बाई म्हणाल्या.

मी बटण बंद केलं, स्टूल ओढलं, आणि नावापुरती जागा सोडून बाकीचा बल्ब स्वच्छ पुसून दिला.