दसऱ्यापर्यंत थांबलेली फौज

उरवड्याच्या कारखान्यातून थोरला भाऊ घरी येई तेव्हा त्याच्या हातांना यंत्राच्या तेलाचा वास असे. साबणाने तो पुरता जात नसे. रविवारी दुपारी आमच्या जुन्या संगणकाच्या माउसलाही तो लागे. पत्र्यावर पावसाची संततधार, खाचरांतून येणारा ओल्या रोपांचा हिरवा गंध, आणि पडद्यावर मध्ययुगीन युरोपचा नकाशा. त्या खेळात आपले राज्य सांभाळायचे आणि पोपने हाक दिली की धर्मयुद्धाची फौज जेरुसलेमपर्यंत न्यायची.

पहिली मोहीम आम्ही आमच्या रीतीने आखली. फौज अर्ध्या वाटेवर पोचली तेव्हा बाहेर आषाढ होता. लावणी करून माझी बोटे पाण्याने सुरकुतली होती.

"आता हितंच तळ टाकू," दादा म्हणाला. "पावसाळ्यात कोण फौज हलवतं व्हय? दसऱ्याला शिलंगण करू, मग पुढं."

मलाही ते पटले. आमच्याकडे शिपाई आधी शेतकरी असतो. पावसात तो खाचरात, आणि सीमा ओलांडायची ती दसऱ्याला. आम्ही प्रत्येक डावाला फौज जागीच ठेवली. डावागणिक माणसे कमी होत गेली. खेळाचा नियमच तसा होता: दर डावाला जेरुसलेमकडे थोडे तरी सरकायचे, थांबलेल्या फौजेला सोडून शिपाई निघून जातात. शेवटी एक सरदार उरला, आणि त्याचा घोडा.

"गेली समदी लावणीला!" दादा म्हणाला, आणि हसता हसता आमच्या डोळ्यांत पाणी आले.

दुसरी मोहीम शहाणपणाने आखली. आधी जहाजे बांधली, फौज बंदरात आणून ठेवली, मगच कूच केले. ती पलीकडच्या किनाऱ्यावर सुखरूप उतरली, आणि त्याच आठवड्यात दादाला पोलंडमधल्या एका कारखान्यात काम मिळाले.

पौडच्या एसटी स्टँडवर बॅग खांद्याला लावत तो म्हणाला, "ह्यो डाव तसाच ठेव, बये. दसऱ्याला येतो. जेरुसलेमचा तट दोघं मिळून चढू."

दोन दसरे गेले. त्याच्यासाठी डब्यात ठेवलेली आपट्याची पाने तपकिरी होऊन चुरली. मी जपून ठेवलेला डाव उघडत असे, पण पुढे खेळत नसे. नुसते पोलंडवर बोट ठेवी. पडद्याची काच तिथे कोमट लागे.

यंदा आषाढात त्याचा फोन आला. "याबी दसऱ्याला जमायचं न्हाई, बये. किती दिस ठेवतीस त्यो डाव? तूच घे तट. मी हितनं बघतो."

तेव्हापासून रविवारी मी व्हिडिओ कॉल लावून फोन पडद्यासमोर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवते. त्याच्याकडे सकाळ असते. कपात चमचा फिरल्याचा आवाज येतो. तेलाचा वास मात्र येत नाही. मी फौज नियमापुरतीच हलवते, जेरुसलेमच्या दिशेने, नखभर.

परवा तो म्हणाला, "आगं, लई रमतगमत चाललीया फौज. एवढ्यात तटाला भिडली असती की."

"पावसाळा हाय, दादा. दसऱ्याला भिडू."

चमचा थांबला.

"बरं," तो हळूच म्हणाला. "पर माणसं मोज. कमी हुत्यात का?"

मी मोजली. एकही कमी झाला नव्हता.