कूलरसमोर पळणारा गेम

नांदेडला माझ्या सासुरवाडीत बैठकीच्या खोलीत जो कूलर आहे, तो मी बनवलेला आहे. पत्रा मी कापला, पंखा मी बसवला, आणि टेम्पोत घालून लातूरहून मीच नेऊन दिला. हे आधी सांगून ठेवतो, कारण त्या कूलरसमोर मला कधी बसायला मिळालं नाही. तिथं माझे साडू बसतात. ते थोरले जावई, नांदेडातच राहणारे, शिवाय सरकारी नोकर. मी धाकटा, आणि हातगाड्यावर कूलरचं गवत विकता विकता दुकान काढलेला माणूस. माझी खुर्ची दाराजवळ. तिथं कूलरचा आवाज येतो, वारा येत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या दुकानात एक गृहस्थ आले. मुलगा लातूरला शिकवणीला ठेवलेला. त्यांनी पिशवीतून एक यंत्र काढून काउंटरवर आपटलं. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, हातात धरून खेळायचं.

"ह्याच्यापायी अभ्यास बुडाला. कॉम्प्युटरचे मोठमोठे गेम चालतात म्हणं ह्याच्यात. हे घ्या आन पोराच्या खोलीला कूलर द्या."

मी म्हणालो, "कॉम्प्युटरचे गेम कॉम्प्युटरवर चालतात. हे काय, डबा हाय."

तिथून आमची घासाघीस सुरू झाली. ते दोनदा उठून निघाले. मीसुद्धा एकदा रागानं उठून बाहेर गेलो, मग आठवलं की दुकान माझंच आहे. शेवटी चार्जर आणि कव्हर वर घेऊन मी त्यांना कूलर दिला.

यंत्रात एक ट्रकचा गेम होता. बर्फाच्या घाटातून माल पोचवायचा. पहिल्यांदा ट्रक हलेचना. मग मी बसून एकेक गोष्ट बघितली. चित्राचा बारीकपणा कमी केला, सावल्या बंद केल्या, यंत्राला किती वीज खाऊ द्यायची ते वाढवलं. पंपाची मोटर आणि पंखा जुळवण्यासारखंच काम होतं ते. जुळल्यावर ट्रक असा पळाला की विचारू नका. रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरवर बसून बर्फातून सिमेंट न्यायचो. एकदासुद्धा अडखळलं नाही.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. हा जादा महिना तीन वर्षांनी येतो, आणि त्यात जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, ओवाळतात, वाण देतात. मी बायकोला घेऊन नांदेडला निघालो आणि यंत्र पिशवीत टाकलं. त्याला कारण होतं. साडूंच्या घरी काचेच्या पेटीतला, रंगीत दिवे लावलेला मोठा कॉम्प्युटर आहे, आणि गेमचा विषय निघाला की ते माझ्याकडे बघून "तुम्हाला नाही कळायचं" असं म्हणतात.

साडू कूलरसमोर पाय पसरून बसलेच होते. सदऱ्याची वरची बटणं उघडी. माझा कूलर त्यांच्या छातीवर वारा घालत होता.

"या साडूभाऊ. हे काय, खेळणं आणलं?"

"कॉम्प्युटरचा गेम पळतो ह्याच्यावर."

"पळत असंल की. लंगडत."

"लोण्यावानी पळतो. रोज पळवून राहिलो."

"साठ फ्रेम येतात का?" म्हणजे सेकंदाला साठ चित्रं. तेवढी आली की पडद्यावरचं हलणं सलग दिसतं.

"मोजत बसायला मला सरकारी पगार न्हाई. अडखळत न्हाई, एवढं माहीत हाय."

माझं डोकं तापलं होतं. मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "पानं वाढेपर्यंत गेम पळवतो. न अडखळता पळाला तर ही कूलरसमोरची जागा माझी. अडखळला तर पुन्हा जागेचं नाव काढणार न्हाई."

"काढतच होता व्हय नाव?" साडू म्हणाले. "बरं, मंजूर."

मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून गेम लावला. घाटाच्या पहिल्या वळणावर ट्रक पळाला. दुसऱ्या वळणावर यंत्राचा छोटा पंखा घूंऽऽ करून ओरडायला लागला. तिसऱ्या वळणावर ट्रक उचकी लागल्यासारखा पुढं जायला लागला. यंत्राची पाठ तव्यासारखी तापली होती.

"लंगडला!" साडू म्हणाले.

"थांबा, अजून सुरुवात हाय!" मी ओरडलो, आणि ओरडता ओरडताच माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या काउंटरसमोर गिऱ्हाइकाला दाखवायला चालू ठेवलेले कूलर ओळीनं उभे असतात. रोज दुपारी त्या सगळ्यांचा वारा यंत्राच्या पाठीवर येत होता. यंत्राला गार हवा मिळाली की ते पळतं, तापलं की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतं. नांदेडच्या उन्हात दाराजवळ माणूस पळत नाही, तिथं यंत्र काय पळणार!

"यंत्राला कूलरसमोर ठेवावं लागंल," मी जाहीर केलं.

"वा! जागा जिंकायला आधी जागेवरच बसणार?"

"मी न्हाई बसत. यंत्र बसंल."

"थोरला जावई उठणार न्हाई."

"उठू नका. हातभर सरका."

"वीतभर."

"वीतभरात यंत्राचं एक बटण मावतं. हातभर, आन तुमची उशी तुमच्याकडंच."

साडू कुरकुरत हातभर सरकले. पाट आणला, त्यावर यंत्र ठेवलं. पाटाच्या बाजूला मी असा बसलो की वारा फक्त माझ्या मनगटांपर्यंत यायचा. हात महाबळेश्वरात, डोकं नांदेडात. पण ट्रक पळाला! उचकी थांबली, बर्फ भुरभुरायला लागलं, घाटातली झाडं सरसर मागं गेली. सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, चष्मा पुसून जवळ आले.

"ह्यो मुलूख गार दिसतो," ते म्हणाले. "इमा काढलाय का गाडीचा?"

साडू आधी कडेनं बघत होते. मग मान पुढं आली. मग अख्खे साडूच पुढं आले.

"ब्रेक लई उशिरा दाबून राहिले तुम्ही. आणा, दाखवतो."

"घरी मोठा कॉम्प्युटर हाय ना तुमच्या?"

"त्याला असं हातात धरता येतं का! आणा की."

मी दिलं. का दिलं? समोरच्यानं एकदा माल हातात घेतला की त्याला तो खाली ठेवावासा वाटत नाही, हे मी हातगाड्यावर शिकलोय. साडू कूलरची जागा विसरले, सरकत सरकत माझ्या बाजूच्या उकाड्यात आले, आणि यंत्र तेवढं वाऱ्यात धरून घामाच्या धारांत बर्फातून ट्रक चालवायला लागले.

तेवढ्यात सासूबाई, म्हणजे मामी, ओवाळणीचं ताट घेऊन आल्या. निरांजनाची ज्योत आडवी झाली.

"आगं बाई, इझून राहिलं! कूलर बंद करा."

"मामी, एक मिनिट!" मी किंचाळलो.

"जावईबापू, ओवाळताना कोणी वरडत असतंय का?" असं म्हणत त्यांनीच बटण दाबलं.

कूलर थांबला. यंत्राचा पंखा ओरडला. ट्रकला उचकी लागली, एक, दोन, आणि मामी साडूंच्या कपाळाला कुंकू लावत असताना तो सिमेंटसकट दरीत गेला.

"अडखळला!" साडू कुंकवाच्या बोटाखालून ओरडले. "पानं अजून वाढायचीत!"

"तुमच्या हातात अडखळला! शिवाय कूलर बंद होता!"

"यंत्र तुमचं!"

"कूलरबी माझाच हाय!"

"इमा नव्हता म्हणायचं," मामा म्हणाले.

जेवणात मी रागानं धोंडे जास्तच खाल्ले. साडू मात्र डाव्या हातानं यंत्र पुसत होते. निघताना ते दारापर्यंत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"साडूभाऊ, हे यंत्र ठिवून जा की."

मी चपला घालणं थांबवलं. "आन जागा?"

"जागेचं काय आता, तुम्ही हरले."

मी यंत्र त्यांच्या हातातून घेऊन पिशवीत टाकलं आणि दुसरी चप्पल घातली. पायरी उतरलो. मागं बघितलं नाही.

"बरं, घ्या जागा!" मागून आवाज आला.

"कायमची. मामींसमोर बोला."

ते मामींसमोर बोलले. मी यंत्र दिलं, चार्जर दिला, कव्हर मात्र ठेवून घेतलं. लातूरला येईपर्यंत मी एसटीत छाती काढून बसलो होतो. बायको खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "अख्खा कूलर देऊन यंत्र घेतलं. यंत्र देऊन कूलरसमोरची जागा. आन कूलर तुमचाच."

मी म्हणालो, "तुला धंदा नाही कळायचा."

त्यानंतर नांदेडला जाणं झालं ते पाऊस सुरू झाल्यावर. बैठकीच्या खोलीत छान गारवा होता. कूलरची टाकी उपसून, त्याला पोतं गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवली होती. साडू दाराजवळच्या खुर्चीवर, बाहेरच्या गार झुळकेत बसून ट्रक चालवत होते, आणि ट्रक अजिबात अडखळत नव्हता.

"या साडूभाऊ," ते मान वर न करता म्हणाले. "तुमची जागा मोकळी ठेवलीय."

मी पोत्यासमोर जाऊन बसलो. पाय पसरले, सदऱ्याची वरची दोन बटणं काढली, आणि जेवणाची हाक येईपर्यंत तिथून हललो नाही.