ताईंच्या वादसभेतले शेवटचे वाक्य

माझी पत्नी मंगल आणि मी धुळ्याहून सुरतेला आलो त्याच वर्षी वत्सलाताई निकुंभांशी ओळख झाली. लिंबायतच्या मराठी शाळेत ताई शिकवत असत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्याच शाळेच्या वर्गात त्या वादसभा भरवत. आम्ही दोघे प्रथमच गेलो होतो आणि शेवटच्या बाकावर बसलो होतो. ताई जवळ आल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बोलणारे की ऐकणारे?"

मी म्हणालो, "ऐकणारा."

"मग पुढे या. पंख्याच्या आवाजात इथे काही ऐकू येत नाही."

ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकासाठी इथल्या मराठी मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी सभेविषयीच लिहायचे ठरवले. मला लिहिण्याची सवय नाही, पण सुरतेला आल्यापासून मी सभेत आहे.

त्या सभेचा एक नियम होता. ज्याचे जे मत असेल, त्याच्या उलट बाजूने त्याने बोलायचे. ताई म्हणत की, समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या तोंडाने मांडल्याशिवाय ते कळत नाही. सभेला कापडाच्या लूमवर काम करणारे, शिक्षक, माझ्यासारखे बँकेतले, सगळेच येत. एकदा लूमवरचे एक गृहस्थ मध्येच उठून म्हणाले, "आते बायको नोकरीले जाई, मंग भाकरी कोन टाकी?" ताईंनी त्यांच्याच अहिराणीत शांतपणे उत्तर दिले, "तू टाक ना भो. तुले हात शेतस ना?" सगळे हसले, ते गृहस्थही हसले. पुढच्या सभेत ताईंनी त्यांनाच भाकरी टाकणाऱ्या नवऱ्याच्या बाजूने बोलायला उभे केले.

आमची मुलगी दुसरीत असताना विषय निघाला, 'लग्नानंतर स्त्रीने नोकरी करावी की घर सांभाळावे'. त्याच सुमारास डिंडोलीच्या एका बालवाडीतून मंगलला नोकरीचे बोलावणे आले होते. तिने बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला होता आणि तिला जायचे होते. माझी इच्छा नव्हती. नियमाप्रमाणे मी नोकरीच्या बाजूने बोलायचे आणि तिने घराच्या बाजूने.

तयारी करताना ती मला म्हणाली, "तुमचे मुद्दे सांगा. रोज सांगता तेच. मी लिहून घेते."

मी चार मुद्दे सांगितले. तिने त्यांचे सात केले. सभेत माझे भाषण कसेबसे पार पडले. मंगल मात्र उत्तम बोलली. शाळेतून आलेले मूल दारात आधी आईला शोधते, असे ती म्हणाली. त्या दिवशीचे बक्षीस तिला मिळाले.

रिक्षातून परतताना मी म्हणालो, "तूच आज सांगितलंस की घरी आई हवी."

"ते सभेतलं होतं."

"पण मनापासून बोललीस."

दुसऱ्या दिवशी तिने नकार कळवला. बालवाडीत दुसऱ्या बाई लागल्या. पुढे सहा वर्षे मी नातेवाइकांना हा प्रसंग अभिमानाने सांगत असे. सभेचा नियम मला पाठ होता, तरीही मी ते भाषण खरे मानले, कारण ते माझ्या सोयीचे होते.

एकदा ताई सभेचे आमंत्रण द्यायला घरी आल्या. मी तोच प्रसंग त्यांनाही सांगितला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मंगलला विचारले, "तुझं स्वतःचं मत काय होतं गं?"

"ते कोणी विचारलंच नाही, ताई."

 ताई म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी बोलायला लावलं आणि विचारायचं विसरले." नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमचीही, भाऊ. तुम्ही तर घरातच होता."

पुढच्या सभेत ताईंनी कोणाचे नाव न घेता, नियम बनवताना आपण चुकलो असे सांगितले आणि त्याला एक जोड दिली. भाषण संपले की प्रत्येकाने स्वतःचे खरे मत एका वाक्यात सांगायचे आणि ताईंनी ते वहीत लिहायचे. पहिले वाक्य मंगलचे होते, "मला बालवाडीत शिकवायचं होतं आणि अजूनही शिकवायचं आहे." माझी पाळी आली तेव्हा मी "विचार करून सांगतो" म्हणून बसलो. ताईंनी माझ्या नावापुढची जागा कोरी ठेवली.

काही महिन्यांनी डिंडोलीत पुन्हा जागा निघाली. मंगल कामावर गेली त्या पहिल्या सकाळी ताईंचा फोन आला, तो मला. "मुलीचा डबा झाला?" मी झाला म्हणालो. "काय दिलंत?" बटाट्याची भाजी, असे सांगितले. "मग उद्या दुसरं काहीतरी द्या," एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला.

ताई एकाच बाजूच्या आहेत, असे कोणी समजू नये. पर्वत पाटियाच्या एका नवविवाहित मुलीने तिच्या वाक्यात सांगितले की तिला घरीच राहायचे आहे. काही तरुण हसले. ताई म्हणाल्या, "हे तिचं मत आहे. हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसा." आणि ते वाक्यही त्यांनी तशाच अक्षरात लिहून घेतले.

मंगलने नऊ वर्षे शिकवले. दोन वर्षांपूर्वी ती गेली. दिवस झाल्यावर ताई एका दुपारी एकट्याच आल्या.  जेवणाचे काय करता, असे विचारले. मी करतो म्हटल्यावर पाटावर बसल्या, खिचडी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. त्यानंतर आजवर त्या दर महिन्याला एकदा जेवायला येतात.

ताईंचे गुडघे आता दुखतात, पण दुसरा रविवार चुकत नाही. त्यांची प्रकृती चांगली राहावी, नजर व हात शाबूत राहावेत आणि अजून पुष्कळ वर्षे त्यांनी ती वही घेऊन पुढच्या खुर्चीवर बसावे, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. त्या वहीत माझ्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. ताईंनी माझे वाक्य आता लिहून घ्यावे, ही विनंती. मंगलला तिचे मत मी त्याच दिवशी, रिक्षात विचारायला हवे होते.