करंटने बसवलेला लाल दिवा

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळे करंट म्हणत. त्याने जोडलेली वायर सहसा सुटत नसे हे खरं, पण नाव पडलं होतं ते स्वभावावरून. गिऱ्हाइकाने नुसतं "किती वेळ लागेल?" असं विचारलं, तरी हा पान्हा खाली ठेवून म्हणायचा, "तुम्ही करता का? मी बसतो तुमच्या जागी."

आणि अशा माणसाच्या नशिबी बहीण कोणती, तर जिच्यापुढे त्यानेही हात टेकावेत. थोरली ताई स्वतःची गाडी चालवायची. म्हाताऱ्या पेशंटांना घरून दवाखान्यात न्यायचं आणि परत आणून सोडायचं, त्यावर तिचं घर चाले. गाडी ती आरशासारखी ठेवी, सीटची कव्हरं स्वतः शिवी. पण बॉनेट उघडून ऑइल बघ म्हटलं की नाक मुरडून म्हणायची, "तो राडा मला सांगू नकोस." या हट्टापायी पहिलं इंजिन ऑइलविना जाम झालं. दुसरं बसवताना होती नव्हती ती शिल्लक संपली. आता हेही गेलं, की गाडी भंगारात आणि ताई घरात.

सांगून सांगून करंटच्या घशाला कोरड पडली. शेवटी त्याने ठरवलं, ही बाई ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढून बघणार नाही ना, मग ऑइलनेच हिला हाक मारू दे. एका सकाळी त्याने इंजिनाखालचं ऑइल चेंबर उतरवलं, त्याला भोक पाडलं आणि सेन्सर बसवला. सेन्सर म्हणजे एक छोटी दांडी आणि तिच्यावर वर-खाली होणारा फ्लोट. ऑइल कमी झालं की फ्लोट खाली येतो आणि स्टिअरिंगसमोरचा लाल दिवा लागतो. वायर त्याने फ्यूजमधून घेतली, सायलेन्सरपासून लांब ठेवून नळीतून नेली. मग चेंबर चढवलं, ऑइल भरलं, चावी फिरवली.

दिवा लागला. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेला, आणि हा दिवा लालभडक.

"लागला की," ताई म्हणाली. "झालं ना मग?"

"अगं लागायला नकोय तो. ऑइल भरलंय ना?"

"मग लावलास कशाला?"

करंटने कपाळाला हात लावला. वायर कुठेतरी बॉडीला टेकत असणार, दुसरं काय? सकाळी नीट गुंडाळलेली वायर त्याने उकलली, ती बदलली, दिवा बदलला, फ्यूज बदलला. दिवा आपला तसाच. सेन्सरची वायर सोडवली की विझायचा, जोडली की पेटायचा. म्हणजे सेन्सरच फुसका, असा निकाल देऊन तो घामाघूम होऊन बाहेर आला. बसवण्याआधी सेन्सर तपासून बघायची त्याची पद्धत नव्हती. बारा वर्षं काम करणाऱ्या हाताला कसली तपासणी लागते?

ताई घड्याळ बघत होती. तिची पेशंट आजीबाई खोळंबली होती.

"जा तू," तो म्हणाला. "तो दिवा खोटं बोलतोय, त्याच्याकडे बघूच नकोस. उद्या नवा सेन्सर टाकतो."

तासाभराने तिचा फोन आला. "अरे, तो दिवा विझलाय." ती पुढेही काही सांगू पाहत होती, पण दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची करंटला सवय नव्हती.

"बघ, वायरच टेकत होती. हलून सुटली असेल." त्याचा जीव भांड्यात पडला. बोलता बोलता तो टेबल आवरू लागला. सेन्सरचं खोकं उचललं, तर आतून घडी घातलेला कागद पडला. असले कागद तो जन्मात वाचत नसे. त्यावर फ्लोटचं चित्र होतं आणि खुणेची बाजू वर ठेवा असं लिहिलं होतं. सकाळी सेन्सर धुताना त्याने फ्लोट दांडीवरून काढला होता. परत घालताना उलटा गेला असणार. फ्लोट उलटा, तर दिवाही उलटा. भरलेल्या ऑइलवर लागणार आणि ऑइल उतरलं की विझणार. खोक्याच्या तळाशी, भोकातून ऑइल गळू नये म्हणून सेन्सरखाली घालायचा रबरी वॉशर होता, न वापरलेला.



"ताई, इंजिन बंद कर. आत्ता."

"बंदच आहे. मघाशीच थांबले मी."

"का?"

"सकाळपासून एकसारखा बडबडणारा माणूस एकदम गप्प झाला, तर तू बघणार नाहीस का, काय झालं ते? मी बॉनेट उघडलं. ती तुझी पट्टीही काढली. टोकाला जेमतेम ऑइल लागलंय. गाडीखाली ही एवढी धार आहे आणि माझे हात कोपरापर्यंत बरबटलेत. आजीबाईंना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं." ती दम घ्यायला थांबली. "आता सांग, या वेळी माझं काय चुकलं?"

करंटने सवयीने तोंड उघडलं. मग खोक्यातल्या वॉशरकडे बघितलं.

"तुझं काही नाही," तो म्हणाला. "माझं चुकलं."



"पुन्हा म्हण," ताई म्हणाली. "इथे गाड्यांमुळे नीट ऐकू आलं नाही."