चढावरचा फोन

रविवार, दिवाळीनंतरचा दुसरा. सकाळी साडेआठ. दिग्रस, घरासमोरचं अंगण. हजर: यजमान (पाने आणि पेचकस), धाकटे दीर (वायरिंग, मोटारपंप दुरुस्तीचं दुकान त्यांचंच), सासरे (खुर्चीवर, विरोधात) आणि मी (वही).

काम एकच होतं. सासऱ्यांच्या जुन्या गाडीत बसवलेला फोन काढायचा. संध्याकाळच्या आत उरकायला हवं होतं, कारण सोमवारी सकाळी सहाला त्याच गाडीनं त्यांना यवतमाळला न्यायचं होतं. सोमवारी आणि गुरुवारी त्यांचं डायलिसिस असे, पाळी आठची. आदल्या गुरुवारी आम्ही पोचलो पावणेअकराला. मशीनवर दुसरा पेशंट होता. शनिवारी उपकार म्हणून जागा मिळाली, पण तोवर बाबांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा राहत होता. "पुन्हा उशीर झाला तर माझ्या हातात काही नाही," सिस्टर त्यांच्या देखतच म्हणाली होती.

उशीर कशानं झाला, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. बाबा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याचे भागीदार होते. कापसाचे बरे दिवस होते तेव्हा त्यांनी नागपूरहून हा फोन बसवून आणला. दोन सीटांच्या मध्ये काळा ठोकळा, त्यावर वेटोळ्यांच्या वायरीचा रिसीव्हर. घरी आल्यावर कळलं की दिग्रसला त्याला रेंजच नाही. यवतमाळच्या वाटेवर, दारव्ह्याच्या अलीकडे रस्ता चढतो, तिथं एका बाभळीखाली तेवढी मिळायची. मग रोज चार वाजता बाबा त्या चढावर. इंजिन बंद, काचा खाली, नाहीतर ऐकू येत नाही म्हणायचे. मुंबईहून रुईचा भाव यायचा. फोन आला की गाडीचा हॉर्न वाजेल अशी जोडणी करून घेतली होती, म्हणजे बाहेर सावलीत उभं राहता येई. हॉर्न वाजला की रस्त्यावरचे कापसाचे बंडीवाले बैल थांबवत आणि बाबा ऐकलेला भाव त्यांना जसाच्या तसा सांगत. दुसरे भागीदार त्यावरून चिडायचे.

पुढं भाव बसला, जिनिंग बंद पडलं. फोनचं कनेक्शन त्याच्याही आधी गेलं होतं. बाबांची सवय तेवढी राहिली. डायलिसिसला जातानाही गाडी चढावर थांबायची, इंजिन बंद व्हायचं, बाबा रिसीव्हर कानाला लावून दोन मिनिटं ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. गुरुवारी मात्र त्या दोन मिनिटांनंतर गाडी सुरूच झाली नाही.

त्याआधी आम्ही दोनदा बॅटरी बदलली होती. शनिवारी भाऊजींनी बॉनेट उघडलं तेव्हा उलगडा झाला. फोनची वायर किल्लीला न विचारता थेट बॅटरीवर जोडलेली होती. गाडी रोज फिरायची तोवर कळलं नाही. आता ती आठवड्यातून दोनदाच निघायची, आणि कनेक्शन नसलेला फोन अंगणात उभ्या उभ्या बॅटरी पीत होता.

"बाबा, काढावाच लागते," भाऊजी म्हणाले.

"तुले काय समजते त्यातलं? मोटारपंप आहे का तो?"

"मोटारपंपाले कमीत कमी पाणी तरी येते."

बाबांनी तोंड फिरवलं. हसू लपवायला असावं.

वायरींची नोंद ठेवणं माझ्याकडे होतं. मी टिकल्यांचं पाकीट आणलं, प्रत्येक टिकलीवर बॉलपेननं आकडा घातला आणि एकेका वायरीला लावत गेले. अकरा वायरी, अकरा टिकल्या. एक गोष्ट मात्र ध्यानात घेतली नाही. दर दसऱ्याला गाडीबरोबर फोनचीही पूजा होई. तेल-कुंकू रिसीव्हरच्या जाळीत घट्ट बसलं होतं आणि ओघळून वायरींवरही गेलं होतं. तेलकट वायरीवर टिकली धरत नाही. सात आणि नऊ गळून सीटखाली गेल्या. भाऊजींनी दोन्ही वायरी फोनच्याच समजून कापल्या. त्यातली एक हॉर्नची होती, आणि तिचं टोक सरकून डॅशबोर्डच्या आत गेलं.

"सगळं खोलावं लागते आता," भाऊजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "उद्या बिनहॉर्नचे जा. बैलाले कुठं हॉर्न असते?"

पाचला गाडी तीनदा सुरू करून पाहिली. फोन पुसून बाबांच्या कापडी पिशवीत घातला. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "राहू दे माझ्याजवळ. तुमचं काम झालं ना?"

सोमवारी सहाला निघालो. चढ आला. "थांबव," बाबा म्हणाले. "बंद कर." यजमानांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. सिस्टरचं बोलणं आठवलं. मी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. किल्ली फिरली, इंजिन गप्प झालं. बाबांचा हात दोन सीटांच्या मध्ये गेला, तिथं स्क्रूची चार भोकं होती. हात तिथंच राहिला.

मागून कापसाची बंडी आली. बंडीवाल्यानं बैल आवरले. "काकाजी! बरेच दिवस झाले. काय भाव निघाला?"

"फोन काढला रे या लोकायनं."

"भाव गेला तवाच काढाले पायजे होता!"

बाबा हसले. खोकला येईपर्यंत हसले. दिवाळीतही ते असे हसले नव्हते.

"पण हॉर्न तं ठेवला ना, काकाजी? तो वाजला का बरं वाटे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जोडायचा आहे."

यजमानांनी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. आठला दहा कमी असताना बाबा आपल्या खाटेवर होते, पिशवी उशाशी.

त्या एका कामाची वहीत चौदा बारकी कामं झाली होती; तेरांवर खुणा झाल्या. चौदावं होतं: हॉर्न जोडणे. बाबांना विचारलं की म्हणायचे, "भाव येऊ दे, मग जोडू." मी ते पुढच्या पानावर उतरवलं, मग पुढच्या वहीत. आता सोमवारी-गुरुवारी कुठं जायचं नसतं. गाडी अजून अंगणातल्या शेडमध्ये आहे. हॉर्न जोडायचा आहे.