भवळ आणि चक्कर

लायसन्सचं नूतनीकरण आता घरबसल्या करता येतं. जुना नंबर टाकायचा, जन्मतारीख टाकायची, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. माझ्या कार्डावर शहराचं जुनं नाव आहे, पडद्यावरच्या यादीत नवं. ते निवडलं आणि पुढं गेले. मग प्रकृतीविषयीचं घोषणापत्र आलं, आणि त्यातल्या पहिल्याच प्रश्नाशी माझा हात थांबला.

प्रश्न इंग्रजीत आहे. फेफरं येतं का, अचानक शुद्ध हरपते का, किंवा कोणत्याही कारणानं चक्कर येते का? समोर दोन गोल, होय आणि नाही. हा प्रश्न मी पूर्वी एकदा वाचला होता. तेव्हा तो माझ्यासाठी नव्हता, माझ्या थोरल्या भावासाठी होता, आणि ‘नाही’वर खूण मी केली होती. हे मी कालपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. वहिनींनाही नाही, आणि दादा गेल्यापासून वहिनी माझ्याकडंच राहतात.

आमचे वडील लासूर स्टेशनच्या बाजूला मेंढरं राखायचे, उन्हाळ्यात चाऱ्यासाठी शहराजवळच्या माळांवर आणायचे. मी शिकले आणि शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. दादानं मेंढरं विकल्यावर ड्रायव्हरकी धरली. दुष्काळाच्या वर्षांत तो वैजापूरकडच्या गावांना पाण्याचा टँकर पोहोचवायचा. गाडी चालवताना आरशात फार बघायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “सवय हाय. मागं कळप हाय का न्हाय ते बघायची.”

त्या वर्षी ऊन मार्चातच तापलं होतं. एका रविवारी दुपारी दादा माझ्या खोलीवर आला. तांब्यातलं पाणी प्याला, उरलेलं कुंडीत घातलं आणि सतरंजीवर आडवा झाला.

“मास्तरीणबाई, माझं लायसन तेवढं ऑनलाइन करून दे. मुदत संपली की मालक गाडीवर बसू देत नाय.”

मी कधीच मास्तरीण नव्हते, पण पुस्तकांच्या आसपास राहणारं प्रत्येक माणूस त्याच्या लेखी मास्तर. मी एकेक प्रश्न मराठीत करून वाचू लागले. पहिला हाच.

“चक्कर येते का?”

“चक्कर नाय. भवळ येती कधीमधी. लई ऊन असलं की.”

“दादा, दोन्ही एकच.”

“एकच कसं? चक्कर माणसाला पाडती. भवळीत माणूस उभा राहतो, डोळं मिटतो, अन् ती जाती. मी गाडी कडंला घेतो, इंडिकेटर देतो, दोन मिनटं बसतो. झालं.”

“किती वेळा येते?”

“आता तू आरटीओ झाली व्हय? नाय लिही. दुष्काळ हाय तवर काम हाय. पाऊस पडल्यावर टँकरवाल्याला कोण इचारतंय?”

मी ‘नाही’वर खूण केली. पुढच्या प्रश्नांना आम्ही हसतच होतो. रातांधळेपणा आहे का म्हटल्यावर तो म्हणाला, “अंधारात मेंढरू ओळखतो मी.” ऐकू नीट येतं का, तर, “तुझी वहिनी म्हणती येत नाय. पण त्ये वेगळं.”

दुसऱ्या दिवशी तोच भरलेला कागद घेऊन तो डॉक्टरकडं गेला. डॉक्टरांनी डोळे तपासले, कागद वाचला आणि दाखल्यावर सही केली. कागदावर ‘होय’ असतं तर त्यांनी निदान एक प्रश्न जास्तीचा विचारला असता. इतकी वर्षं मी त्या न विचारलेल्या प्रश्नापाशी येऊन थांबते.

मे महिन्यात एका सकाळी दादाचा टँकर वैजापूरच्या पुढं, एका गावाच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला सापडला. सापडला हा शब्द बरोबर नाही. तो नीट लावलेला होता. हँडब्रेक ओढलेला, डावा इंडिकेटर चालू. दादा स्टिअरिंगवर हातांची घडी करून, तिच्यावर कपाळ टेकून बसला होता. हृदय बंद पडलं, असं आम्हाला सांगण्यात आलं.

दहाव्याला त्या गावातली एक म्हातारी आली. घरात शिरल्याबरोबर तिनं माझा हात धरला. “माय, खोटं कशाला बोलू. टँकर येईना म्हणून आमी बाया घागरी घेऊन चालत आलो. बगितलं तर त्यो टेकून बसलेला. वाटलं, दमून झोपलाय. उठवू नगा म्हनलं मीच. आमी आवाज न करता पानी भरून घेतलं. समद्यांचं भरून झालं, मग मी त्याला सांगाया गेले.” ती थांबली. “तवर ते टिकटिक चालूच हुतं गं.”

मी तिला म्हणाले, आजी, तुमची काही चूक नाही. तिनं डोळे पुसले आणि ती मोकळी होऊन गेली. सांगून मोकळं होता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. तरी मी माझं मनातच ठेवलं.

पुढं कधीतरी कॉलेजात व्याख्यानाला आलेल्या एका डॉक्टरांना मी, जणू तिऱ्हाईताबद्दल विचारते आहे असं दाखवून, विचारलं. उन्हात भोवळ येत असेल तर ती हृदयाची खूण असू शकते का? असू शकते, ते म्हणाले आणि चहा पिऊ लागले. संध्याकाळी मी शब्दकोश काढला. भवळ त्यात नव्हतं. भोवळ होतं, आणि तिच्यासमोर चक्कर, घेरी. ते पान न उघडताही मला माहीत होतं. दादानं हुज्जत घातली त्या रविवारीसुद्धा माहीत होतं.

आम्ही दोघी राहतो ती इमारत बीड बायपासच्या पलीकडं, माळावर आहे. नवी होती तेव्हा दादा गच्चीवर उभा राहून म्हणाला होता, “हितं तर आपली मेंढरं बसायची.” आता चारही बाजूंना इमारती आहेत. पाणी तेवढं वाढलेलं नाही, त्यामुळं उन्हाळ्यात आमच्याकडंही टँकर येतो. त्याचा मागं घेतानाचा भोंगा वाजला की लोक खाली धावतात. मी खिडकीशी जाते. ड्रायव्हर दार उघडून आपल्या पायांनी खाली उतरतो का, तेवढं बघते. उतरला की पडदा ओढते.

गेल्या महिन्यात मी स्कूटीवरून घरी येत होते. उड्डाणपुलाखालचा सिग्नल ओलांडला आणि समोरची बस एकाएकी फार लांब गेल्यासारखी झाली. मी कडेला आले, पाय टेकला, डोळे मिटले. उघडले तेव्हा खालून टिकटिक येत होती. इंडिकेटर मीच दिला होता. कधी दिला, ते आठवेना. त्यानंतर तसं आणखी दोनदा झालं.

म्हणून काल माझा हात थांबला. वहिनी शेजारी गवार निवडत होत्या.

“काय झालं ताई? बंद पडलं का मशीन?”

“नाही. एक प्रश्न आहे.”

“वाचा की मोठ्यानं. आमाला बी कळू द्या, काय काय इचारतात.”

मी वाचला. चक्कर म्हणाले, आणि मग, का कोण जाणे, भवळ म्हणाले.

शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. “त्यांना बी हेच इचारलं हुतं?”

“हो.”

“मग?”

“दादा म्हणाला, भवळ येते. मी ‘नाही’ लिहिलं.”

वहिनींनी हातातली शेंग खाली ठेवली. मी रागाची वाट पाहत होते. इतकी वर्षं मी मनात त्यांच्या तोंडी किती बोलणी घातली होती. त्यांतलं एकही त्या बोलल्या नाहीत.

“तुमाला सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मला नाय सांगितलं. मी इचारलं की म्हनायचे, डोळ्यात धूळ गेली.”

त्या उठून आत गेल्या. हे मला कधी सुचलंच नव्हतं, की जे मी लपवत होते त्याच्या आत त्यांचं आणखी एक दुखणं होतं, आणि आता ते मी त्यांच्या हातात दिलं होतं. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

“अन् तुमाला? येती का भवळ?”

“येते.”

“मग व्हय करा.”

मी केलं. पडद्यावर काहीच झालं नाही. ठिपका एका गोलातून दुसऱ्या गोलात गेला. वहिनींनी खिळ्यावरची स्कूटीची चावी काढून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

आज सकाळी रिक्षानं डॉक्टरकडं गेलो. चाळिशीपुढच्यांना दाखला लागतोच. दाखल्याचा कागद समोर ओढत, मान वर न करता डॉक्टरांनी विचारलं, “चक्कर वगैरे काही?”

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, “भवळ येती.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

“किती वेळा?”

वहिनी खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडं वळून बसल्या. त्यांनाही ऐकायचं होतं.